एलेनीवहिनीचा कोळसा

१२ जानेवारी १९५८, मुरुम
अव्वा आज आपल्या सुनेशी, वहिनीशी, पहिल्यांदा बोलली. अण्णांनी दसऱ्याला परदेशी बायको घरी आणली, तेव्हापासून तोंड फिरवून होती. वहिनी अंगणात बैलांचं चित्र काढत बसली होती. अव्वा म्हणाली, "ऊन लागंल. सावलीत बस की." वहिनीला शब्द कळले नाहीत, पण उठून सावलीत गेली.

२७ जानेवारी
हेडमास्तरांनी विचारलं, भावजय इंग्रज का? म्हटलं, ग्रीसची. "तो देश अजून आहे?"

९ फेब्रुवारी
शेतात हुरडा. वहिनीनं आज सगळं सांगितलं – थोडं हातवाऱ्यानं, बाकीचं अण्णांनी मराठीत. आगटीशेजारी अव्वाही ऐकत होती.

एका बेटावर वडील दगडावर नक्षी कोरायचे. मुलीला चित्रकला शिकायला त्यांची सक्त मनाई. मावशीनं गुपचूप बोटीत बसवून दिलं. पॅरिसला शिकली. तिथले गुरुजी म्हणत, बायकांनी फुलं काढावीत. ही बंदरावरचे हमाल काढायची. मग लंडन, मग लढाई. बॉम्ब पडून खोली जळाली, सगळी चित्रं गेली.

"मग?" मी विचारलं.

"मग कोळसाच कोळसा होता. त्यानंच काढायला लागले."

पुढं लंडनलाच तिचं प्रदर्शन भरलं, वर्तमानपत्रांत नाव आलं. इंजिनिअरिंग शिकणारे अण्णा तिथं शिरले ते पावसापासून आडोसा म्हणून. हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं.

२ मार्च
वहिनीनं माझ्या हातात कोळसा दिला. आठवडी बाजारात मिरच्या विकणारी द्वारकाबाई काढली. नाक चुकलं. वहिनीनं पुसलं नाही की सुधारलं नाही. "आणखी एक," म्हणाली – मराठीत! नवरा गेल्यावर माहेरी आले, शाळेत लागले, दिवस बरे चालले होते. पण इतकं हलकं वाटलं नव्हतं.

३ मार्च
आणखी तीन काढली. भाकरी करपली.

२० एप्रिल
अथेन्सच्या कलाशाळेची तार. वहिनीला शिकवायला बोलावलंय. अण्णा म्हणाले, जाऊ, मीही येतो, शेत शेजारचा चुलतभाऊ बंडप्पा बघेल. वहिनीच नको म्हणाली. अव्वाला सोडून कसं जायचं?

अव्वा चुलीपुढून उठली. "तिच्या बापानं अडवलं. आता म्या अडवू व्हय? जावा दोघंबी."

वहिनी रडली. अव्वानं तिला शेंगाची चटणी कुटायला बसवलं. "तिकडं मिळत न्हाय म्हणं."

२७ एप्रिल
वहिनीनं विचारलं, तारा, माझ्याजवळ शिकायला येतेस?

मी अव्वाकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बगतीस? बंडप्पाच्या घरात माणसं लई हायत, म्या ऱ्हाईन. तुला इचारलंय, तू सांग."

२८ एप्रिल
शाळेत राजीनामा दिला.