पूर्वपक्षाचे एक मिनिट

१० नोव्हेंबर
या नोंदींतून एकच विधान सिद्ध करावयाचे आहे: अल्पवयीन मुलांना दारूपासून दूर ठेवण्यास निर्दोष युक्तिवाद पुरेसा असतो. नात आरोही व तिचा वर्गमित्र समाधान शाळेतर्फे स्पर्धेसाठी एक मिनिटाचा व्हिडिओ करीत आहेत. निवड झाल्यास तो जिल्ह्यातील शाळांत दाखवतील. समाधानला तो लग्नसराईआधी आपल्या गावी, चांदवडला, पोहोचवायचा आहे. तिथे त्याच्या धाकट्या भावाला हळदीच्या डीजेत मोठी मुले बिअर पाजतात. मी मार्गदर्शन स्वीकारले. कोणी विचारले नव्हते.

११ नोव्हेंबर
समाधान कॅमेऱ्यापुढे बिअर पिऊन झालेल्या आपल्या ओकारीची हकीकत सांगणार होता. एका ओकारीवरून सार्वत्रिक विधान निघत नाही, हे मी दाखवून दिले. तो म्हणाला, आजोबा, एक नव्हती. तरीही नमुना अपुरा.

१३ नोव्हेंबर, सकाळी
शूटिंग. वक्ता मीच. आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे त्याच्याहून सरस मांडावे, मग खोडावे. हीच शास्त्रशुद्ध रीत. पिण्याच्या बाजूने चार मुद्दे मांडले. हाती द्राक्षरसाचा ग्लास, दृष्टान्तापुरता. चौथ्या मुद्द्याला ग्लास उंचावला. तेवढ्यात मिनिट संपले. खंडन दुसऱ्या भागात. सुजाण श्रोता थांबतो. सौ. मैना म्हणाली, अहो, ऐकून मलाच घोटभर घ्यावीशी वाटली. पूर्वपक्ष निर्दोष असल्याचा हा पुरावा.

१६ नोव्हेंबर
व्हिडिओ फोनोफोनी फिरतो आहे. हायवेवरच्या एका बिअर बारने टीव्हीवर लावला. विरोधकही ऐकू लागले. समाधानचा निरोप: भावाला तुमचे चारही मुद्दे पाठ झालेत, आता तुम्हीच आवरा त्याला. आरोही माझ्याशी बोलत नाही. बहुधा आदराने.

१८ नोव्हेंबर
शाळेने कळवले: उद्यापर्यंत व्हिडिओ सुधारा, नाहीतर बाद. मी खंडनाचे सतरा मिनिटांचे टिपण दिले. आरोही म्हणाली, जुनाच राहू द्या, शेवटी फक्त एक ओळ टाकते. युक्तिवादाचे बळ तिला पटलेले दिसते.

२४ नोव्हेंबर
पहिला क्रमांक. ओळ अशी: ‘रोज पिणारे असंच समजावतात.’
चांदवडच्या शाळेतही दाखवला. समाधानचा भाऊ म्हणे मित्रांना म्हणाला, मला नाय बाबा असं म्हातारं व्हायचं. हळदीला सरबतावर भागवले.
दुपारी दोघा भावांची आजी सरुबाई कांद्याची पिशवी घेऊन आभार मानायला आली. मी पूर्वपक्षाचे स्वरूप समजावू लागलो. ती मैनेकडे बघून म्हणाली, बाई, लय सोसलं तुम्ही. मग माझा हात धरून विचारले, आता सुटली ना, भाऊ?

मी ‘सुटली’ म्हणालो.

चूक मान्य: प्रश्नात गृहीतक दडलेले असता त्याचे उत्तर देऊ नये, हे मी तीस वर्षे शिकवले आहे.

प्रा. सहादू मंडलिक
(निवृत्त, तर्कशास्त्र), नाशिक