तंत्रस्नेही शिक्षकाचे फोटो

४ ऑगस्ट, सोमवार
माझ्या पाचवीच्या वर्गात टच पॅनल बसवला. भिंतीएवढा मोबाईलच. ठरवलं, उद्यापासून खडू बंद. आज धूळ बसू नये म्हणून घरची चादर आणून झाकला.

५ ऑगस्ट
पॅनल चालू केला, बोट लावून उभा राहिलो. तिसरीच्या अनुपमा मॅडमनी फोटो काढला. केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर टाकला. अंगठेच अंगठे. बंद कसा करायचा ते सापडेना. मेन स्विच पाडला.

११ ऑगस्ट
केंद्रप्रमुखांचा फोन. म्हणाले, तुम्ही आता आपले तंत्रस्नेही शिक्षक, दर सोमवारी फोटो टाकत जा. नाही म्हणता आलं नाही. शर्ट बदलून बदलून पुढच्या महिन्याभराचे फोटो एकाच मधल्या सुट्टीत काढून ठेवले. यालाच नियोजन म्हणतात.

१८ ऑगस्ट
अनुपमा मॅडम म्हणाल्या, सर, शाळा सुटल्यावर दोघं मिळून शिकून घेऊ. मी म्हटलं, मले येते. इतकी वर्षं गणित शिकवलं, आता कोणासमोर चाचपडत बसू? पोळ्याच्या सुट्टीत एकटाच शिकणार.

२५ ऑगस्ट
पोळ्याला पाहुणे आले. शिकणं राहिलं. मुख्याध्यापिका धम्मशीला मॅडम म्हणाल्या, शुक्रवारी मेहकरहून साहेब येऊन राह्यले, तुमचा तास पाहाले. मी रजा मागितली. म्हणाल्या, गजेंद्र सर, ते तुमच्यासाठीच तर येऊन राह्यले.

२९ ऑगस्ट, शुक्रवार
लाईट जाईल याची खात्री होती. रोज जाते. आज गेली नाही. पॅनल पासवर्ड मागत बसला. साहेबांना म्हटलं, आधी फळ्यावर पाया पक्का करून घेतो. त्यांनी पोरांना विचारलं, याच्यावर रोज काय पाहता? छकुली उभी राहून म्हणाली, काही नाही, सर फोटो काढतात अन् चादर टाकतात. साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

८ सप्टेंबर
मागच्या आठवड्यात पॅनल तिसरीत हलवला. सुटलो एकदाचा. दुपारनंतर माझी पोरंही तिकडंच बसतात. भिंतीपलीकडून सगळं ऐकू येतं. अनुपमा मॅडम पोरांना सांगत होत्या, मले बी येत नाही, दाबून पाहा. चुकलं की पोरं हसतात, त्याही हसतात. अशानं शिस्त राहत नसते.

९ सप्टेंबर
पाणी प्यायला उठलो, तिसरीच्या दारात थांबलो. छकुली सरकली, सतरंजीवर जागा केली. म्हणाली, या ना सर. म्हटलं, मले काम आहे.
वर्गात परतलो. वर्ग रिकामा. फळा पुसून काढला. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.