अंगणातली बाज

उमरगा, १२ डिसेंबर

चि. महानंदा हिस अ. उ. आशीर्वाद.

सोलापूरला कॉन्व्हेंटच्या होस्टेलात प्रार्थनेआधी आपण पायरीवर ऊन खात केस वाळवायचो, आठवतं? सिस्टर ओरडायच्या, तू हलायची नाहीस. काल त्या सिस्टरचं नाव आठवेना आणि मला रडू आलं.

तुझे भावजी गेल्यापासून घरच्या रीतीनं माजघरातच आहे. वर्षभर अंगणात यायचं नाही, खिडकीला पडदा. फोटोपुढचा दिवा विझू नये म्हणून राजशेखरनं झगझगीत बल्ब लावलाय, मायेनंच. दिवसा अंधार, रात्रभर उजेड. झोप नाही. दूध उतू जातं, नातीला, शिवांजलीला, तुझ्या नावानं हाक मारते. माझा हाच लेक म्हणतो, आईचं डोकं चालेना, संक्रांतीनंतर पुण्याच्या वृद्धाश्रमात ठेवू. फोनवर सगळे ऐकतात, म्हणून पत्र. खरंच गेलं का गं माझं डोकं?

माया आटू देऊ नकोस.
तुझी अक्का

तेर, १८ डिसेंबर

ती. अक्कास सा. न. वि. वि.

गेलेल्या डोक्यानं एवढं नेटकं पत्र लिहितं का कुणी? इथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सकाळचा उजेड डोळ्यांना मिळाला नाही आणि रात्री बल्ब जळत राहिला, की शरीराला दिवस-रात्र कळेनासे होतात. झोप बिघडते, मन खचतं, विसरायला होतं. आधी उजाडताच अंगणात बस, रात्री अंधार कर, मग तपासून घे. भावजींनी तुला असं कोंडू दिलं असतं का? लोक बोलतील, बोलू देत. तुला जमत नसेल तर मी येऊन तुझी बाज अंगणात ओढते.

तुझ्या रागालोभाची हक्कदार,
महानंदा

उमरगा, १३ जानेवारी

चि. महानंदा हिस अ. उ. आशीर्वाद.

तुझी वाट पाहिली नाही. पत्र आलं आणि दुसऱ्या सकाळी बाज मीच ओढली. माझ्या जाऊबाई गौराबाई दारातून म्हणाल्या, वर्षाच्या आत उन्हात बसतीस, लाज न्हाय व्हय? म्हटलं, लाज आहे, झोप नाही. राजशेखर बाज उचलायला आला. त्याला सांगितलं, माझ्यासकट उचल. बल्ब काढला. संध्याकाळी पणती लावते. ती विझली तर तुझे भावजी रागवायचे नाहीत.

हळूहळू झोप लागू लागली. सगळं परतलं असं नाही, चष्मा परवा फ्रिजात सापडला. पण काल डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बाई आपलं आपण पाहू शकतात. घरी आल्यावर राजशेखर म्हणाला, आई, मी घाबरलो होतो. म्हटलं, मीही. पण जाणार नाही.

अशीच भांडत राहा माझ्यासाठी.
तुझी अक्का

ता. क. आश्रमासाठी आणलेलं सामान वाटून टाकायचं आहे. चाकांची बॅग शिवांजलीला, कॉलेजासाठी. थर्मास आपल्या शेतावरच्या विठाबाईला, रानात चहा गरम राहील. लोकरी शाल तुला. घराच्या किल्ल्या कुणालाही नाहीत.