वस्तीचा आकडा

२ जानेवारी २०१७
आज नोकरीचा पहिला दिवस. खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टरहून बसने मदन महलला पोहोचले, तेव्हा ऑफिस उघडायचंच होतं. मालक भय्यासाहेब, दीक्षितपुऱ्यातल्या जुन्या मराठी घराण्यातले, घरं विकून देतात. शहरात महिन्याला किती घरं विकली गेली ते जमवायचं आणि त्याचा अर्थ ग्राहकांच्या पत्रकात साध्या भाषेत लिहायचा, हे माझं काम. नोटबंदीनंतर बाजार बसलाय, लोक धास्तावलेत, त्यांना खरं सांगणारं कोणी पाहिजे, असं ते म्हणाले. मला ते फार आवडलं. घरी आईने शिरा केला होता. बाबांनी क्वार्टरच्या अख्ख्या ओळीत सांगून टाकलं, की आमच्या खानदानातली पहिली ग्रॅज्युएट आता आकडे वाचून राहिली.

१९ जानेवारी
विक्री निम्म्यावर आली, तरी सरासरी किंमत वाढलेली दिसते. आधी चक्रावले. मग उलगडलं. लहान घरं कोणी घेतच नाहीये. दोन मोठे बंगले विकले गेले, त्यांनी सरासरी वर ओढली. भाव काही वाढलेले नाहीत. तसं स्पष्ट लिहिलं. भय्यासाहेबांनी हसत ते वाक्य खोडलं. म्हणाले, सरासरी कोण बघतं, लोक शेजार बघतात. भेडाघाटच्या रस्त्यावर आपली नवी कॉलनी आहे, तिथे किती घरं वसली ते डोळ्यांनी बघून लिही.

२१ जानेवारी
दुपारी जाऊन आले. बैठी घरं, समोरासमोर दोन ओळी. सतरा दारांत चपला होत्या, व्हरांड्यात साड्या वाळत होत्या, कुठे तुळस. चिटपाखरू नव्हतं, पण वेळ वामकुक्षीची. उगाच बेल वाजवून कोणाला कशाला उठवायचं? दारं मोजली आणि परतले. पत्रकात लिहिलं : सतरा कुटुंबं राहायला आली आहेत. माझं नाव छापलं जाणार आहे.

८ फेब्रुवारी
ऑफिसातल्या पुंडलिकभाऊंनी चहा देताना हसत सांगितलं, की त्या चपला त्यांनीच जुन्या बाजारातून आणून मांडल्या. साड्या त्यांच्या बायकोच्या. रिकामी कॉलनी कोणी घेत नाही, सगळेच असं करतात, दीदी, तुम्हाला ठाऊक नव्हतं काय?
मी हसले. हसले, याचीच जास्त लाज वाटते.
घरी आले तर पेढे. बाबा या महिन्यात रिटायर होतात, क्वार्टर सोडावं लागणार. त्यांनी पत्रक फॅक्टरीच्या बसमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं आणि त्याच कॉलनीत घर घेतलं. आयुष्यभराचा पीएफ त्यात गेला. पोरीनं पाहून लिहिलंय, आणखी काय पाहिजे, म्हणाले. मी पेढा गिळला.

११ मार्च
आई-बाबा राहायला गेले. करार झालाय, रजिस्ट्री जूनमध्ये. ऑफिस लांब पडतं असं सांगून मी मदन महलला शकुमावशीकडे राहिले. खरं म्हणजे त्या चपलांसमोरून रोज जाणं मला जमलं नसतं.

२६ मार्च
भेटायला गेले. आई म्हणते शेजार चांगला आहे, कोणाचा आवाज नाही. मी विचारलं, कोणता शेजार? तिने समोरच्या ओळीकडे हात केला.
चपलांच्या टाचा झिजल्यात. साड्यांतून पाणी ठिबकत होतं.
पुंडलिकभाऊंना विचारलं. ते होळीच्या आधीपासून तिकडे फिरकलेले नाहीत. बायको साड्या परत मागून राहिली, म्हणाले.

१६ एप्रिल
परवा जयंतीला आईने सगळ्या दारांवर खीर दिली. सतरा वाट्या परत आल्या. घासून, पुसून.
तिला एकाचंही नाव सांगता येईना. चेहरा विचारला तर म्हणाली, "काहून घाबरतेस? भले लोक आहेत. म्हणतात, तुमच्या पोरीनं आम्हाला मोजलं, म्हणून आम्ही आहो."
त्यांना माझे आभार मानायचे आहेत म्हणे.
येताना त्यांच्यातल्या एका घराच्या खिडकीतून आत पाहिलं. भांडं नाही, अंथरूण नाही. फरशीवर ओली पावलं, दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत. परत येणारं एकही नाही.

२ मे
हे मी केलंय, मीच निस्तरायचं. भय्यासाहेब लग्नाला नागपूरला गेलेत, पत्रक माझ्याच हातून छापायला जातं. लिहिलं : त्या कॉलनीत आजवर एकाही घराची रजिस्ट्री झालेली नाही. तिथे कोणीही राहत नाही. आधीचा आकडा माझी चूक होती.
कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

५ मे
पत्रक वाटलं गेलं. बाबांना तोंडाने सांगायचं म्हणून सकाळीच निघाले.
चपला नाहीत. साड्या नाहीत. दोन्ही ओळी स्वच्छ. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं —
मग आमचं दार. खिडकीच्या नव्या काचेवर चिकटवलेला कागद अजून सोललेलाही नाही. आत आईची चूल नाही, बाबांची खाट नाही. धुळीवर पाऊलसुद्धा —
रजिस्ट्री जूनमध्ये होती. मी रजिस्ट्रीच मोजली. आई-बाबांना मी मोजलंच —

६ मे
बाबांचा फोन लागत नाही. तो नंबर कोणाचाच नाही म्हणतात.
पत्रक परत मागवावं म्हटलं. बाबांचा करार फाइलीत नाहीच. नागपूरहून परतलेले भय्यासाहेब विचारतात, पुरावा काय? एक कुटुंब राहतं, हे कशावरून?

७ मे, दुपार
आमच्या घरात बसले आहे. चपला दारात काढल्या आहेत, येणाऱ्याला दिसतील अशा. कोणी पाहिलं, मोजलं, तर निदान एक —
पुंडलिकभाऊ आले आहेत. सोबत नवराबायको, घर बघायला. मी खिडकीतून हाक मारली. पुन्हा मारली.
ते हसत त्यांना सांगताहेत, हे रिकामंच आहे, पत्रकातच छापलंय.
मी अगदी समोर उभी —
त्यांनी माझ्या चपला उचलल्या आणि