पहिल्या ठोक्याला चष्मा

२ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आधी चहा घेऊन घ्या, कारण मागणं मोठं आहे. आठ वर्षं मी हॉटेलांच्या कोपऱ्यांत रेगे, म्हणजे ते जमैकाचं डुलतं संगीत, गातेय. परवा कळलं, वीस तारखेला नदीकाठच्या मोठ्या मैदानावर आमचा कार्यक्रम ठरलाय! पाच हजार माणसं येणार, रेकॉर्ड कंपनीच्या बाई खास ऐकायला येणार. आणि नेमके आत्ताच माझे ट्रम्पेट वगैरे फुंकणारे तिघेही दुसऱ्या गायकाबरोबर दौऱ्यावर पळाले. त्यांच्याशिवाय माझी गाणी म्हणजे बिनमिठाची भाजी.

तुम्ही, मामा आणि पोस्टमनकाका याल का? तुमच्या कारखान्याच्या बँडसारखं फुंकणारं अजून कुणी जन्मलेलं नाही. हा मस्का आहे, पण खरा आहे. अडचण एकच. रेगेमध्ये चार ठोक्यांतला पहिला रिकामा सोडायचा आणि जोर तिसऱ्यावर द्यायचा असतो. बारा वर्षांची असताना मी संचलनात ढोलावर तेच केलं, अख्खी रांग अडखळली आणि तुम्ही मला बँडमधून काढलंत. मी ते विसरलेय. म्हणजे जवळजवळ.

आशीर्वाद आहेतच, सोबत होकारही धाडा.
तुमची,
भोंगा

६ फेब्रुवारी

चि. भोंगा हीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. चहा गार झाला.

पस्तीस वर्षं मी बँडमास्तर आहे. पहिला ठोका म्हणजे घराचा उंबरठा. तोच काढला तर माणसाने आत यायचं कुठून? मामाने तुझी गाणी लावली, तेव्हा मला सारखं वाटत होतं, की ढोलवाला बाहेर कुणाशी तरी गप्पा मारत उभा राहिलाय. मामा मात्र नाचायला लागला. ह्या वयात शोभतं का? पोस्टमनने तर पिशवीसुद्धा भरून ठेवलीय. अशा दोन उतावळ्यांना एकटं कसं सोडू? म्हणून येतोय. गैरसमज नको, मला पटलेलं काही नाही.

घसा सांभाळ. तुझ्या आईचा जीव तुझ्यात असतो. माझाही, पण ते असो.
तुझे,
बाबा

१५ फेब्रुवारी

चि. भोंगा,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र ह्यांच्या नकळत लिहितेय. घरात नुसता कल्ला चाललाय. रोज सकाळी तिघे पुढच्या खोलीत उभे राहतात, आणि पहिला ठोका आला रे आला, की ह्यांचा ट्रम्पेट वाजलाच! जित्याची खोड, दुसरं काय. काल ट्रम्पेट खाली ठेवून डोक्याला हात लावून बसले. म्हणाले, माझ्यामुळे पोरीचं हसं होईल, मी जातच नाही. मला फार वाईट वाटलं गं.

मग मीच म्हटलं, त्या ठोक्याला हाताला दुसरं काम द्या, चष्मा वर सारा. तिघांनाही चष्मा आहेच. आणि बाई, जमलं की! मैदानावर मात्र असलं काही करू नका, असं बजावलंय. गुडघ्यामुळे मला येता येत नाही, तेव्हा सगळं तपशिलात कळव. 

माया आहेच.
तुझी,
आई

२१ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तू बजावलंस, पण कुणी ऐकलं नाही! पहिलं गाणं सुरू झालं आणि प्रत्येक पहिल्या ठोक्याला तिन्ही चष्मे एकदम वर. माझा ड्रमवाला हसू दाबून लालबुंद. मला वाटलं, संपलं, आठ वर्षं पाण्यात. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी ठोक्यावर स्वतःचा चष्मा सारला. मग शेजारच्यांनी. तिसऱ्या गाण्यापर्यंत अख्खं मैदान! ज्यांना चष्मा नाही, त्यांचं नुसतं बोट नाकावर. पाच हजार माणसं पहिल्या ठोक्याला गप्प, आणि तिसऱ्याला धाडकन पाय आपटायची. एक ओळ मी गायचीच विसरले. बाबांनी एकही पहिला ठोका वाजवला नाही, आई. एकही नाही.

कंपनीच्या बाईंनी अकरा गावांचा दौरा देऊ केलाय, पण तिन्ही चष्मेवाल्यांसकट. मामा आणि काका एका पायावर तयार. बाबा म्हणतात, संचलन तोंडावर आलंय, मास्तर बँड सोडून जात नसतो. मला त्यांच्याशिवाय जायचं नाही. तू काही बोलू नकोस, मी वाट बघते.

गुडघ्याला जप, माझ्यासाठी.
तुझी,
भोंगा

६ मार्च

चि. भोंगा हीस,
अ. उ. आ.

काल संचलन झालं. समोर मोठे साहेब, दोनशे कामगार रांगेत. मी काठी उचलली आणि पहिल्या ठोक्याला ती खाली आणायची सोडून सवयीने चष्मा सारला. माझ्यामागून मामाने, पोस्टमनने. सगळा बँड गप्प! दोनशे पाय हवेत, आणि मागची रांग पुढच्या रांगेवर. साहेबांनी हात जोडून सांगितलं, मास्तर, आता विश्रांती घ्या.

लाज वाटायला हवी होती, पण मला हसूच आवरेना. हसता हसता तू आठवलीस. बारा वर्षांची, गळ्यात ढोल, सगळी रांग विस्कटलेली आणि तू एकटी तालात. तू चुकली नव्हतीस गं. तुला काढलं ते मी चुकलो. हे सांगायला फार उशीर केला.

तर आता मलाही बँडमधून काढलंय. तुझ्या बँडमध्ये जागा असेल, तर दौऱ्याच्या तारखा कळव. आई ह्या खेपेला कुबडी घेऊन का होईना, येणार म्हणते.

लोभ आहे तो असाच राहू दे. आज नवा चष्मा करायला टाकला. नाकावर जरा सैलच ठेवा, म्हणून सांगितलंय.
तुझे,
बाबा