चामड्याची पिशवी

लागोआ रासा,
१२ मे १९९७

प्रिय लिंदाउराताई,

तुझे गुडघे कसे आहेत? आम्ही बरे आहोत. पाऊस नाही, शेळ्या निवडुंगावर जगताहेत. माझ्या जासिराला सातवा महिना लागला. सासरी नीट ठेवलंय. ओतिलियाबाई सासू म्हणून वाईट नाही.

सिनेमावाला म्हातारा आठवतो ना, मागच्या वर्षी आला होता? दरोडेखोरांवर शेवटचा सिनेमा काढायचाय म्हणायचा. माणसं उपाशी असली की बंदुका कशा निघतात, ते दाखवायचं होतं त्याला. मी त्याच्या माणसांचं जेवण रांधायचे. तो सिनेमा तयार झालाय. शनिवारी चर्चच्या भिंतीवर दाखवणार आहेत. सगळं गाव येईल. ओतिलियाबाईची खुर्ची पहिल्या रांगेत.

ताई, आता लिहितेच. आजोबा दरोडेखोर होते ते आईनं मरताना सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, त्यांची चामड्याची पिशवी पुरून टाक. मी पुरली म्हणाले. पुरली नव्हती.

सिनेमावाल्याची पोरं तीन दिवस नव्या पिशव्या जुन्या दिसाव्यात म्हणून चिखल फासत बसली होती. मला बघवेना. म्हटलं, "ही घ्या आणि कामाला लागा." चामड्यावरची डागणी आतल्या अंगाला ठेवा, एवढं बजावलं होतं. पण परवा म्हातारा फितीच्या डब्यांबरोबर पिशवी परत घेऊन आला आणि खुशीत म्हणाला, दरोडेखोर भुकेल्यांना पीठ वाटतो तिथं डागणी भिंतभर दिसते.

मी म्हटलं, "तेवढं कापा."

"झेफाबाई, माझ्या सिनेमात तेवढंच खरं आहे."

"खरं तुमचं. पोर माझी आहे त्या घरात."

तो काठी टेकत निघाला. कापतो म्हणाला नाही.

इथं अक्षर न येणाराही गुरांची डागणी वाचतो. चंद्रकोरीवर क्रूस, माकांबिरांची, म्हणजे ओतिलियाच्या माहेरची. ओतिलियाच्या बापाला मारून आजोबांच्या टोळीनं गुरं नेली, त्यातल्याच गाईचं ते कातडं. बापाचा रक्ताचा सदरा तिनं अजून खुंटीला ठेवलाय. धुतलेला नाही. गेल्या महिन्यात माझ्यासमोर मुलांना म्हणाली, "मारणाऱ्याचं घर सापडलं की बाई-पोर बघायचं नाही." मी कॉफी ओतत होते. ती माझ्याच हातावर सांडली.

 कुत्रं भुंकलं तरी दाराला अडसर लावते. जासिराला पळवून आणावं म्हटलं, तर कुठं लपवू? पोटुशी बाई या माळावर दोन कोसांवरून दिसते.

भिंतीवर दिसण्याआधी तिनं माझ्या तोंडून ऐकावं, एवढंच सुचतंय. पिशवी घेऊन आत्ताच निघते. सदरा टांगलाय त्याच खोलीत तिच्या पायाशी ठेवीन आणि सांगीन, जे करायचं ते माझं कर, जासिराला यातलं काही ठाऊक नाही.

पत्र ट्रकवाल्याकडे देते. जूनमधल्या सान जुआंवच्या सणापर्यंत माझं दुसरं आलं नाही, तर तू ये. गुडघे दुखले तरी ये. जासिराला घेऊन जा.

तुझ्याशी एकदाच खोटं बोललेली,
झेफा