धक्क्याचा चहा

माय, बडनेऱ्याच्या स्टेशनासमोर चहाचं एक दुकान आहे. तिथे गिऱ्हाइकांना बसायला आपल्या मोटारीची मागची सीट ठेवली आहे. खाली विटा, वर तीच गादी. चामडं काळं पडलं आहे, पण उजव्या कोपऱ्यात तू दाभणाने घातलेले टाके अजून शाबूत आहेत, त्यावरून ओळखली. अमरावतीहून गाडी धरायला आलो की मी तिथे चहा घेतो, आणि उभ्यानेच घेतो. दुकानदार दर वेळी म्हणतो, "बसा ना मास्तर, काहून उभे रायता? अकोल्याच्या वकिलाच्या मोटारीची गादी व्हय ते, अशी तशी नाई." संस्कृत शिकवणाऱ्याला मऊ बसायची सवय नसते, असं मी त्याला सांगतो, आणि ते त्याला पटतं. वकील माझे वडील होते हे सांगत नाही. ती गादी तू शिवलीस आणि तिच्यावर एकदाही बसली नाहीस, हे तर नाहीच नाही.

बाबांनी ती मोटार कापसाच्या जिनिंगवाल्या एका शेठजींकडून म्हशीच्या भावात घेतली. लांबलचक विलायती धूड, दाराला निकेलच्या मुठी, आत फूल खोचायला काचेची नळी. पहिल्या दिवशी तू तिला हळदकुंकू लावलंस आणि नळीत झेंडूचं फूल ठेवलंस. विलायतेहून पार्ट येणं बंद झालं होतं, म्हणून मिस्त्री जिनिंगच्या मोडक्या यंत्रांचे तुकडे कानस मारून बसवत असे. तो बाबांना तोंडावर म्हणायचा, "वकीलसाहेब, हे मोटार नाई, हत्ती व्हय. भेटला सस्त्यात, पण चारा याले हत्तीचाच लागते." धूर दिसला की अग्नी आहे असं समजावं, हे मी तेव्हा तर्कशास्त्रात नुकतंच शिकलो होतो, आपल्या दारात मात्र धूर दिसला की मोटार आता चालणार नाही एवढंच अनुमान निघायचं. गुरुजींना हे सांगितलं, तर त्यांनी छडी मागवली.

मोटार चालू करायचं पुढचं हँडल उलटं फिरून बाबांचं मनगट एकदा मोडलं होतं, त्यामुळे उरला धक्का. रोज सकाळी आळीच्या चढावरून मोटार खाली ढकलायची. पोस्टातले काका, तालमीतले दोघे भाऊ आणि समोरचे बोहरी चाचा, असे चौघे ठरलेले. आणि ज्याने मोटारीला हात लावला त्याने आपल्याकडे चहा घेतल्याशिवाय जायचं नाही, हा तुझा कायदा. मोटार खालच्या निंबापाशी फुरफुरली की बाबा कोर्टाला निघून जात, आणि चौघे घाम पुसत वर येत तेव्हा तुझं आधण उकळलेलं असे. बाबा बाररूममध्ये सांगत की आमची मोटार फुकटात चालू होते. पोस्टातले काका विचारायचे, "वयनी, आज साखर कमी पडली का जी?" तू म्हणायचीस, "मोटारीनं खाल्ली, भाऊजी." सगळे हसायचे. मीही हसायचो. पहाटे उठून चूल तू पेटवत होतीस, सणावारी आणि तापातसुद्धा, हे आम्हा हसणाऱ्यांपैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

बाबांचा नियम होता, चालू झालेली मोटार थांबवायची नाही. थांबवली की बंद पडते. आम्ही मुलं निंबापाशी चालत्या मोटारीत उड्या मारून शिरायचो. तुला नऊवारीत ते जमणारं नव्हतं. आधीच वर बसून घे, असं मी एकदा म्हटलं, तर तू कपबशा विसळता विसळता बोललीस, "मले चौघांनी न्यायची येळ आली का रे अजून? लोकं ढकलतीन अन् मी आत बसून राहीन, शोभते का?"

मग तो दिवस. बाबा खटल्यासाठी रेल्वेने अमरावतीला गेलेले. सकाळच्या सर्व्हिस मोटारीने तेल्हाऱ्याहून माणूस आला, तुझ्या आईचं काही खरं नाही, जीव तुझ्यात अडकला आहे, आजच्या आज निघावं. मी म्हटलं, माय, मोटारीने नेतो तुला, दुपारच्या आत पोचवतो. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, परीक्षा होऊन घरी आलेला, हात मोटारीवर बसलेला. चौघांचा चहा तू समोरच्या चाचींकडे सोपवलास. त्या घाईतही तो चुकू दिला नाहीस. बोचकं काखेला मारून म्हणालीस, "तू घेऊन ये खाली. मी निंबापाशी उभी रायतो. माह्यासाठी थांबवजो जरासक."

मोटार पहिल्याच धक्क्यात चालू झाली. तू निंबाखाली उभी होतीस, पदर नीट केलेला, एक हात किंचित पुढे. मी तुझ्याजवळून मोटार तशीच पुढे नेली आणि खिडकीतून ओरडलो, "गरम होऊ दे, चक्कर मारून येतो." आरशात तू लहान होत गेलीस. हात तसाच होता. मी एसटीत ड्रायव्हरच्या मागे, आरसा दिसेल असा, बसत नाही ते तेव्हापासून.

चक्कर लांबली, आणि गावाबाहेर मोटार खरोखरच बंद पडली. संध्याकाळी एका गाडीवानाच्या बैलांनी ती ओढत आणली. तोवर तेल्हाऱ्याची शेवटची सर्व्हिस मोटार निघून गेली होती. तू ओट्यावर बोचकं मांडीवर घेऊन बसली होतीस. एवढंच विचारलंस, "झाली का गरम?" त्यात टोमणा होता की काय, हे मी इतकी वर्षं तपासतो आहे. दुसऱ्या दिवशी तू एकटी गेलीस, तेव्हा तिकडे राख सावडायचीच बाकी होती. बाबा आल्यावर म्हणाले, पोराचं चुकलं नाही, थांबवली असती तर तिथेच पडली असती. तेल्हाऱ्याहून परत आल्यावर तू पुन्हा आधण ठेवू लागलीस.

दोन वर्षांनी तू गेलीस. खांदा त्याच चौघांनी दिला. पोस्टातले काका सवयीने म्हणाले, "संभाळून, उतार हाय." परत आल्यावर चौघेही अंगणात जरा वेळ उभे राहिले. आपण कशासाठी थांबलो आहोत हे त्यांनाही कळलं नसावं. मग एकेक करून गेले.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, पाकिटातही घालणार नाही. बाबांचा नियम आजवर मी ढालीसारखा वापरला. पण माय, त्या दिवशी इंजिन स्वच्छ चाललं होतं. मोटार थांबवली तरी ते चालूच राहिलं असतं, हे माझ्या तळपायाला कळत होतं, आणि पाय ब्रेकवर गेलाही होता. पुढच्या वळणावर माझे कॉलेजातले तीन मित्र उभे होते. त्यांनी मला त्या मोटारीत एकट्याला पाहावं असं वाटलं. शेजारी नऊवारी आणि बोचकं नको होतं.